डीजी सेटचं (डिझेल जनरेटरचं) नो लोडला हंटिंग (वेग सतत वर-खाली झुलणं) : गेनच्या पॉटला हात लावण्याआधी काय काय तपासावं?

जे_ब्लॉक_भोसरी (धागाकर्ता)

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचा ८२.५ केव्हीएचा डीजी आहे. १५०० आरपीएम (म्हणजे ५० हर्ट्झ), इनलाइन डिझेल इंजेक्शन पंप, बाहेरून बसवलेला इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर (वेग कायम राखणारी यंत्रणा): फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक पिकअप (वेग मोजणारा सेन्सर), पॅनेलमध्ये कंट्रोलर, पंपाशेजारी अ‍ॅक्च्युएटर (डिझेल कमी-जास्त करणारा हात) आणि तिथून रॉडने पंपाच्या स्टॉप लिव्हरपर्यंत जोडणी (लिंकेज). चाललेले तास सुमारे ४१००.

लक्षणं अशी:

नो लोडला फ्रिक्वेन्सी ४८.६ ते ५१.४ हर्ट्झ अशी झुलते, साधारण दीड सेकंदाला एक झोका. ४० टक्क्यांच्या वर लोड गेला की झुलणं जवळजवळ थांबतं. इंजिन गरम असो वा थंड, फरक नाही. डिझेल फिल्टर आणि पिकअप दोन्ही नवे. धूर नेहमीसारखाच, वास नाही.

गुरुवारी लाइट गेली की हाच सेट दिवसभर चालतो, त्यामुळे दुरुस्ती गुरुवारच्या आत हवी. सर्व्हिसवाला म्हणतो, "गेन कमी करतो, दहा मिनिटांचं काम." (गेन म्हणजे वेग चुकला की कंट्रोलर किती जोरात दुरुस्ती करतो ते, कंट्रोलरवरच्या छोट्या पॉटने फिरवून लावतात.) तेवढ्यावर भागवावं की आधी लिंकेज उघडावं?

---

डिझेल_डोकं

पिकअप नवा बसवला म्हणता, पण गॅप किती ठेवला? निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पद्धत सोपी आहे. इंजिन बंद असताना फ्लायव्हील हाताने फिरवून दाताचा माथा बरोबर भोकासमोर आणा, दोन दातांमधली खाच नको. पिकअप हाताने हलकेच टेकेपर्यंत आत फिरवा आणि अर्धा ते पाऊण आटा मागे घेऊन चेक नट आवळा. १.५ मिमी पिचच्या आट्यांवर अर्धा आटा म्हणजे पाऊण मिमी. खाचेसमोर टेकवून मागे घेतलात तर पुढचा दात पिकअपचं टोक घासून नेतो.

मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून स्टार्टर मारताना मोजा. १ व्होल्टच्या खाली असेल तर कंट्रोलरला वेग नीट दिसतच नाही.

---

जे_ब्लॉक_भोसरी

@डिझेल_डोकं, मोजलं. स्टार्टरवर १.६ व्होल्ट, चालू असताना ६ च्या आसपास. गॅप अर्धा आटाच आहे.

---

डिझेल_डोकं

मग पिकअप निर्दोष. त्याच तारेवर मीटरने हर्ट्झही बघून घ्या. रिंग गिअरचे (फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्याचे) दात गुणिले आरपीएम भागिले ६०. ११८ दात असतील तर १५०० ला २९५० हर्ट्झ दिसायला हवेत. पॅनेलवरचा रीड टाइप मीटर या कामाचा नाही, त्याच्या पट्ट्या इतक्या भराभर हलत नाहीत.

---

मी_चिंचवडकर

साधी गोष्ट आहे, गेन अर्धी रेघ डावीकडे फिरवा, झुलणं थांबेल. शंभरातले नव्वद डीजी असेच सुरू आहेत.

---

लिंकेज_आधी

@मी_चिंचवडकर, झुलणं थांबेल हे खरं, पण दुखणं तिथेच राहील. गेन कमी केल्यावर कंट्रोलर सुस्त होतो. लेथची १५ एचपीची मोटर स्टार्ट झाली की फ्रिक्वेन्सी खोल जाते आणि सावरायला वेळ लागतो, तेवढ्यात कॉन्टॅक्टर सुटतात, सीएनसी अलार्म देते. मग पुढचा माणूस येऊन गेन वाढवतो आणि हंटिंग परत हजर.

झोका किती वेगाचा आहे हे आधी बघा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा, अनियमित, थरथरल्यासारखं असेल तर रोख विजेच्या गोंगाटाकडे: पिकअपची शील्ड नसलेली तार, ढिला अर्थ, बॅटरी चार्जर, नाहीतर गेन फारच वर. सेकंदाला तीनपेक्षा कमी आणि तालात असेल तर लिंकेज, डिझेलमधली हवा, किंवा स्टॅबिलिटीची (कंट्रोलरवरच्या दुसऱ्या पॉटची) सेटिंग. धागाकर्त्याचा झोका दीड सेकंदाचा आहे, म्हणजे हा दुसरा प्रकार.

---

मेघना_इलेक्ट्रिकल

त्याआधी एक फाटा. झुलतंय ते नक्की फ्रिक्वेन्सीच ना? पुष्कळदा फ्रिक्वेन्सी ५० वर खिळलेली असते आणि व्होल्टेज वर-खाली होतं. दिव्यांचा उजेड हलतो, लोक गव्हर्नरला शिव्या देतात, आणि दोष एव्हीआरच्या (जनरेटरचं व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटच्या) स्टॅबिलिटी पॉटचा निघतो. दोन्ही एकत्र हलत असतील तर मूळ बहुधा इंजिनाकडे. एव्हीआरमध्ये कमी फ्रिक्वेन्सीला व्होल्टेज उतरवायची सोय असते, ५० हर्ट्झच्या सेटवर ती बहुधा ४७ च्या आसपास सुरू होते. ती चुकून ५० च्या जवळ लावलेली असेल तर फ्रिक्वेन्सीच्या प्रत्येक झोक्याबरोबर व्होल्टेजही उतरतं आणि दोघं एकमेकांना नाचवतात.

---

जे_ब्लॉक_भोसरी

फ्रिक्वेन्सीच. आउटगोइंग ब्रेकर पाडूनही तेवढीच झुलते. व्होल्टेज ४१२ ते ४१८.

---

लिंकेज_आधी

मग आता निर्णायक चाचणी. दोन माणसं लागतील: एक इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवून, दुसरा अ‍ॅक्च्युएटरपाशी. ब्रेकर पाडलेला, सैल बाह्या नाहीत, पट्ट्यापासून लांब. इंजिन १५०० वर झुलत असताना अ‍ॅक्च्युएटरचा लिव्हर दोन बोटांनी धरून त्याच्या हालचालीला हलका अडथळा करा. लिव्हर स्थिर झाल्यावर इंजिनही शांत झालं (हळूहळू थोडं सरकेल, ते चालतं) तर डिझेल आणि जळण ठीक, भांडण गव्हर्नर आणि लिंकेज यांच्यात. लिव्हर स्थिर असूनही इंजिन तालात झुललं तर डिझेलमध्ये हवा आहे, इंजेक्टर कमी-जास्त मारतोय किंवा रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी पंपातली दांडी) अडकतोय.

रॉड काढून ही चाचणी करू नका. बऱ्याच पंपांचा स्टॉप लिव्हर मोकळा सोडला की स्प्रिंगने 'रन'कडे, म्हणजे पूर्ण डिझेलकडे जातो.

---

वाचक_मात्र

वाखु (वाचनखूण) साठवली. माहितीपूर्ण धागा.

---

पेठेतला_इंजिनवाला

डिझेलमधली हवा ओळखायला लिफ्ट पंपापासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून इंजेक्शन पंपापर्यंत तात्पुरती पारदर्शक नळी लावा. बुडबुडा दिसला की शंका संपली. हवा बहुधा ओढीच्या बाजूने शिरते, म्हणजे टाकी ते लिफ्ट पंप, कारण तिथे दाब नसतो आणि गळती बाहेर दिसत नाही. बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दरवेळी नवेच टाका. तेच जुने परत आवळले की महिनाभरात हवा सुरू. नळ्या नि वॉशर नाना पेठेत सहज मिळतात, मापाला जुना बोल्ट सोबत न्या.

फिल्टर तुंबल्याचं लक्षण मात्र याच्या उलट असतं: नो लोडला सगळं छान आणि लोड टाकला की आरपीएम बसतो. धागाकर्त्याचं लक्षण तसं नाही.

---

मंडपातला_जनरेटर

विषय निघालाच आहे तर, गणपतीत मंडपामागे लावतात त्या छोट्या पेट्रोल जनरेटरचं काय? ३००० आरपीएमवाले. आमच्या मंडळाचा सतत हूं-हूं-हूं करतो.

---

पेठेतला_इंजिनवाला

@मंडपातला_जनरेटर, त्यात इलेक्ट्रॉनिक्स कमी, कार्ब्युरेटर जास्त. चालू असताना चोक किंचित ओढा. हूं-हूं थांबलं तर मिश्रण पातळ आहे: पायलट जेट तुंबलेलं, नाहीतर कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. वर्षभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा जेटमध्ये बसतो. जेट क्लीनरने आणि हवेने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेलं.

चोकने फरक पडला नाही तर गव्हर्नर आर्म बघा. आर्मचा नट सैल करा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा, थ्रॉटल उघडताना आर्म ज्या दिशेला जातो त्याच दिशेला गव्हर्नरचा शाफ्ट फिरेल तितका फिरवा आणि तसाच धरून नट आवळा. नंतर स्प्रिंगच्या स्क्रूने नो लोडला ३१२० च्या आसपास, म्हणजे ५२ हर्ट्झ. लोडवर तो ५० कडे उतरतो.

---

मंडपातला_जनरेटर

५२ का? ५० च का नको?

---

ड्रूप_समजून_घ्या

कारण वजनं आणि स्प्रिंग यांच्या गव्हर्नरला लोड कळतो तो वेग उतरल्यावरच. वेग उतरला की वजनं आत येतात, स्प्रिंग रॅक पुढे ढकलते, डिझेल वाढतं. जास्त डिझेल हवं तर थोडा कमी वेग स्वीकारावाच लागतो. त्याला ड्रूप म्हणतात: नो लोडचा वेग वजा फुल लोडचा वेग, भागिले फुल लोडचा वेग. ४ टक्के ड्रूप असेल तर फुल लोडला १५००, नो लोडला १५६०, म्हणजे ५२ हर्ट्झ. कुणी हौसेने नो लोडला बरोबर ५० लावले तर फुल लोडला सुमारे १४४२ आरपीएम, ४८ हर्ट्झ मिळतात. मोटरी मंद चालतात, एव्हीआर व्होल्टेज उतरवायच्या बेतात येतो.

आयएसओ ८५२८ मध्ये जी१, जी२, जी३ असे वर्ग आहेत, त्यांत ड्रूपची मर्यादा अनुक्रमे ८, ५ आणि ३ टक्के. साध्या लाइट-पंख्याला जी१ पुरतो.

इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर शून्य ड्रूपवर चालू शकतो, धागाकर्त्याचा तसाच असणार. याचा निदानालाही उपयोग होतो. कंट्रोलरवर ड्रूपची सोय असेल तर थोडा ड्रूप देऊन बघा. झुलणं लगेच निवलं तर सर्किट काठावर चाललंय, कुठेतरी उशीर किंवा सैलपणा आहे.

---

यूपीएस_पीडित

आमच्याकडे डीजी एकटा असताना गुळगुळीत चालतो आणि यूपीएस जोडला की झुलतो. गव्हर्नर दोनदा बदलून झाला.

---

मेघना_इलेक्ट्रिकल

@यूपीएस_पीडित, गव्हर्नरचा दोष नाही. यूपीएसची फ्रिक्वेन्सी मर्यादा अरुंद असते. डीजीवर लोड आला की फ्रिक्वेन्सी क्षणभर मर्यादेबाहेर जाते, यूपीएस बॅटरीवर पळतो, डीजीचा लोड सुटतो, फ्रिक्वेन्सी सावरते, यूपीएस परत येतो. बाहेरून बघणाऱ्याला हे हंटिंग वाटतं. झोक्याचा काळ दहा-वीस सेकंदांचा असेल तर हेच. यूपीएसच्या सेटिंगमध्ये मर्यादा रुंद करा, लोड हळूहळू घेणारं वॉक-इन चालू करा. एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनेलचे कपॅसिटर डीजीवर असताना बंद ठेवा. कमी लोडवर त्यांच्यामुळे पॉवर फॅक्टर लीडिंग होतो आणि व्होल्टेज एव्हीआरच्या हाताबाहेर जातं.

---

रस्त्यावरचा_कॉम्प्रेसर

डिझेल स्क्रू कॉम्प्रेसरवरही हीच तक्रार येते. तिथे वेग हवेच्या दाबावर चालतो: दाब वाढला की रेग्युलेटरमधून हवा छोट्या सिलिंडरला जाते, तो इंजिनचा लिव्हर मागे ओढतो आणि इनटेक व्हॉल्व्हही झाकतो. हंटिंग असेल तर आधी पाण्याचा ट्रॅप रिकामा करा, मग ब्लीडचं बारीक भोक साफ करा, मग रेग्युलेटरचा डायफ्राम बघा. पावसाळ्यात दहापैकी बहुतेक वेळा पाणीच.

---

जे_ब्लॉक_भोसरी

@लिंकेज_आधी, चाचणी केली. लिव्हर धरला की इंजिन एकदम शांत. पारदर्शक नळीत बुडबुडा नाही. इंजिन बंद करून रॉड हलवला तर दोन्ही रॉड एंड (रॉडच्या टोकांचे फिरते सांधे) खळखळतात, एकूण सैलपणा दीड मिमीच्या आसपास. अ‍ॅक्च्युएटरवर कोनाच्या खुणा आहेत: नो लोडला ८ अंश, ८० टक्के लोडला १५. एकूण चाल २५ अंश. रॉड लिव्हरच्या सगळ्यात बाहेरच्या भोकात आहे.

---

लिंकेज_आधी

सापडलं. दोन दोष एकत्र आहेत.

पहिला, सैलपणा. कंट्रोलर म्हणतो "थोडं डिझेल कमी", अ‍ॅक्च्युएटर फिरतो, पण पहिला दीड मिमी नुसता खळखळण्यात जातो. कंट्रोलरला वाटतं काही झालंच नाही, तो आणखी ढकलतो, मग एकदम जास्त कमी होतं. उलट दिशेला तेच. नो लोडला रॅकच्या जराशा हालचालीने वेग खूप बदलतो म्हणून तिथे हे ठळक दिसतं, आणि लोडवर लपतं.

दुसरा, भोक. बाहेरच्या भोकात असल्यामुळे अ‍ॅक्च्युएटरच्या ७ अंशांत जवळजवळ सगळा लोड उरकतोय. नो लोड ते फुल डिझेल या प्रवासात त्याची निदान दोन तृतीयांश चाल वापरली गेली पाहिजे. रॉड आतल्या भोकात घ्या, म्हणजे तेवढ्याच रॅकसाठी अ‍ॅक्च्युएटर जास्त अंश फिरेल आणि बारीक नियंत्रण मिळेल.

क्रम असा ठेवा. दोन्ही रॉड एंड नवे घ्या, आटे जुळवून. रॉड आतल्या भोकात घालून लांबी जुळवा. इंजिन बंद असताना हाताने पूर्ण 'स्टॉप'पर्यंत आणि पूर्ण 'फुल'पर्यंत नेऊन बघा, दोन्ही टोकं पंपाच्या लिव्हरवर खरोखर गाठली गेली पाहिजेत. 'स्टॉप' अपुरा राहिला तर इंजिन बंदच होणार नाही. चेक नट आवळल्यावरही रॉड बोटाने थोडा फिरला पाहिजे, नाहीतर रॉड एंड अडकलाय. मग स्टार्ट, दहा मिनिटं गरम, आणि तेव्हाच गेन.

---

मी_चिंचवडकर

मान्य. पण शेवटी गेन लावायचाच आहे ना, त्याची पद्धतही लिहा. माझी "अर्धी रेघ" मागे घेतो.

---

डिझेल_डोकं

आधी पॉटच्या जुन्या जागेवर मार्करने रेघ मारा, फोटो काढा. नो लोडला गेन उजवीकडे हळूहळू वाढवा, इंजिन थरथरायला लागेपर्यंत. मग शांत होईपर्यंत मागे, आणि वर आणखी एक रेघ मागे. स्टॅबिलिटीच्या पॉटचंही तसंच. त्यानंतर २५ टक्के लोड एकदम टाका आणि काढा. एखाद-दुसऱ्या झोक्यात सावरला पाहिजे. ५० टक्क्यांवर पुन्हा. नो लोडला शांत आणि मधल्या लोडला झुलतोय असं झालं तर लिव्हरचे कोन परत बघा.

अ‍ॅक्च्युएटरची तार निदान १.५ चौरस मिमी, लांब असेल तर अजून जाड. पिकअपची तार शील्डवाली, आणि शील्ड एकाच टोकाला, कंट्रोलरच्या बाजूला जोडलेली. दोन्ही टोकं अर्थ केली की शील्डमधूनच करंट फिरतो. तार तपकीर गल्लीत मीटरवर मिळते.

---

सील_तोडू_नका

एक कळकळीची विनंती. वर कुणी म्हटलेलं नाही, पण फिटर करतात. पंपावरचे मॅक्सिमम स्पीडचे आणि फुल डिझेलचे स्क्रू तार आणि सीलने बंद असतात, ते उघडू नका. नंतर पंप टेस्ट बेंचवर लावल्याशिवाय तो मूळ जागी येत नाही. धूर वाढतो, उत्सर्जनाचं प्रमाणपत्र ज्या सेटिंगवर दिलंय ती सेटिंगच उरत नाही. ओव्हरस्पीड ट्रिपही बायपास करू नका. तो बहुधा ११० ते ११५ टक्क्यांवर असतो, १५०० च्या इंजिनाला १६५० ते १७२५. इंजिन हाताबाहेर गेलं तर चावी बंद करून भागेलच असं नाही, हवेची वाट बंद करावी लागते, तीही फळीने किंवा पत्र्याने, हाताने कधीच नाही.

---

चाकण_मेंटेनन्स

१ जुलै २०२३ पासूनच्या सीपीसीबी चार प्लसच्या (नव्या प्रदूषण निकषांच्या) सेटवर यातलं किती लागू?

---

ड्रूप_समजून_घ्या

कॉमन रेल आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) असेल तर पॉट आणि रॉड नाहीतच. वेगाचं नियंत्रण ईसीयूच्या आत असतं, बदल सर्व्हिस टूलनेच. आपल्या हातात डिझेलची स्वच्छता, हवा, सेन्सरचे कनेक्टर, ईसीयूला मिळणारं व्होल्टेज आणि अर्थ. तिथे हंटिंग आलं की आधी फॉल्ट कोड वाचा.

---

जे_ब्लॉक_भोसरी

काम झालं. नवे रॉड एंड, रॉड दोन भोकं आत. नो लोडला आता ४९.९ ते ५०.१. अ‍ॅक्च्युएटर नो लोडला ७ अंश, ८० टक्क्यांना १९. गेन आधीच्या रेघेपेक्षा उलट वरच बसला. सर्वांचे आभार.

पण एक नवीन गोष्ट दिसली. ८० टक्के लोडच्या पुढे फ्रिक्वेन्सी ४९.२ ला बसते आणि तिथेच राहते, झुलत नाही. ड्रूप शून्य आहे. अ‍ॅक्च्युएटर मात्र २५ अंशांना टेकलेला दिसतो.

---

पेठेतला_इंजिनवाला

अ‍ॅक्च्युएटर टोकाला टेकलाय आणि वेग कमी आहे, म्हणजे कंट्रोलर मागतोय ते डिझेल मिळत नाही. लिफ्ट पंपाचा दाब बघा, टाकीतली जाळी बघा.

---

लिंकेज_आधी

त्याआधी तीन गोष्टी, फुकटच्या. एक, २५ अंशांना स्टॉप लिव्हर खरंच 'फुल'च्या टोकाला पोचतो का? भोक बदलल्यावर लांबी चुकली असेल तर इथेच अडेल. दोन, एअर फिल्टरचा इंडिकेटर.

तीन, आणि हे सहसा कुणी बघत नाही: तुमच्या इनलाइन पंपात त्याचा स्वतःचा वजनांचा गव्हर्नर अजून जिवंत आहे. बाहेरचा अ‍ॅक्च्युएटर स्टॉप लिव्हरवर काम करतो तेव्हा पंपाचा स्पीड लिव्हर पूर्ण वेगाच्या टोकाला पक्का बांधलेला असावा लागतो. तो मागे सरकला तर आतला गव्हर्नर जास्त लोडला स्वतःच डिझेल कापतो, कारण त्याला ड्रूप आहे. नो लोडला काहीच कळत नाही, कारण तिथे त्याचा वेग १५०० च्या वर असतो.

---

जे_ब्लॉक_भोसरी

स्टॉप लिव्हर टोकापर्यंत पोचतो. एअर फिल्टर हिरव्यात. स्पीड लिव्हर बांधणाऱ्या पट्टीचा नट सैल होता, लिव्हर टोकापासून ४ मिमी मागे. सील शाबूत. लिव्हर टोकाला नेऊन नायलॉक नटने बांधला. ९० टक्के लोडला ५०.०, अ‍ॅक्च्युएटर २१ अंशांवर.

---

डिझेल_डोकं

उत्तम. २५० तासांच्या सर्व्हिसच्या यादीत आता दोन ओळी वाढवा: रॉड एंडचा सैलपणा, आणि त्या पट्टीचा नट. त्यावर पिवळ्या पेंटची रेघ मारून ठेवा, सरकला तर लांबून दिसेल.